टेबलाखालून आलेली परवानगी

इथे भुताखेताचे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण आधी सगळं खरं असल्याची शपथ घेतो. मी शपथ वगैरे घेणार नाही.

ज्या खोलीत हे झालं ती माझ्यापासून आत्ता चार पावलांवर आहे. दार अर्धं उघडं आहे. आतून टायपिंगचा आवाज येतोय. ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने यावं आणि टेबलाखाली हात घालून बघावा.

मी घालणार नाही.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. गुरुवार होता, शाळेला सुट्टी होती, बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर एक काकू चादरी झटकून वाळत घालत होत्या. इतक्या उजेडात काही होत नसतं, असं मला तेव्हा वाटायचं.

आधी आईच्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

डॉक्टर लोक पेशंट तपासल्यावर स्वतःच्या आवाजात सगळं रेकॉर्ड करून ठेवतात. काय दुखतंय, काय सुजलंय, काय कापलं. त्या रेकॉर्डिंगच्या फायली एका कंपनीकडून आईला येतात. आई हेडफोन लावून ऐकते आणि टाइप करून परत पाठवते. दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून रेकॉर्डिंग थांबवायला आणि चालू करायला पायाखाली एक पॅडल असतं. शिलाई मशीनला असतं तसंच, पण छोटं. वर रबराच्या पट्ट्या.

याच्या आधी आई लॉन्ड्रीत होती. दिवसभर वाफेत उभी. घरी आली की भिंतीला पाय वर लावून पडायची, आणि पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या दिसायच्या. हे बसून करायचं काम मिळालं त्या दिवशी ती खुर्चीवर बसून नुसतीच गोल फिरली होती. बाबा ट्रक घेऊन बाहेर असतात. घरी मी, आई आणि दादा.

तर त्या आठवड्यात आईच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये, म्हणून प्रत्येकीच्या घरच्या कॉम्प्युटरवर चांगली फायरवॉल हवी. शनिवारी सकाळी त्या तिकडून आमचा कॉम्प्युटर तपासणार. नसेल तर फायली बंद.

आईने फोन ठेवला आणि दादाकडे बघितलं.

दादा म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस? मला गेम टाकता येतात, काढता येत नाहीत."

मी म्हटलं, "मी करते."

"तू?" दादा हसला. "गेल्या वर्षी प्रिंटरला घाबरायचीस."

"गेल्या वर्षी तुला मिशी पण नव्हती. अजूनही नाही, पण तू प्रयत्न करतोयस ना?"

आई हसली. काम मला मिळालं.

फायरवॉल म्हणजे काय ते माझ्या शब्दांत सांगते. बिल्डिंगचा वॉचमन. कोण आत येतंय, कोण बाहेर चाललंय, तो सगळ्यांना अडवून विचारतो. ज्याला तुम्ही हो म्हणाल तो जातो. ज्याला नाही म्हणाल तो गेटवरच उभा राहतो.

मी त्याला सगळ्यात कडक सेटिंग दिली. "दर वेळी विचारा." म्हणजे कुठलाही प्रोग्रॅम हलला की टिंग असा आवाज होतो, स्क्रीनच्या मधोमध छोटी खिडकी उघडते, आणि दोन बटणं येतात. "परवानगी द्या" आणि "अडवा". मला ते इतकं आवडलं. ब्राउझर आला, हो. प्रिंटर आला, हो. दादाचा गेम आला, मी दादाकडे बघत बघत "अडवा" दाबलं.

मग आईच्या फायली येईनात. "सर्व्हर सापडत नाही." आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब गं, घाबरू नकोस. शोधलं तर माझ्याच उत्साहात मी कंपनीच्या प्रोग्रॅमचा एक मदतनीस प्रोग्रॅम पण अडवून टाकला होता. फायली तोच आणतो. शिवाय आमचं घरचं वाय-फाय मी "सार्वजनिक" म्हणून नोंदवलं होतं, त्यामुळे वॉचमन अजूनच खवळला होता. दोन्ही बदललं. फायली धडाधड यायला लागल्या.

"आहेस बाई हुशार," आई म्हणाली. अख्ख्या घरात माझ्याएवढं उंच कोणी नव्हतं तेव्हा.

आई कामाला बसली. मी तिच्या मागे पलंगावर इतिहासाचं पुस्तक घेऊन लोळत होते. ऊन खिडकीतून आत आलं होतं.

कीबोर्डची खडखड. पॅडलची टक. परत खडखड.

मग...

टिंग.

आणि लगेच टक.

मी मान वर करेपर्यंत स्क्रीनवर आईचा मजकूरच होता. खिडकी आली असेल, गेली असेल. मी परत पुस्तकात डोकं घातलं.

शुक्रवारी शाळेतून आले. चपला काढल्या. आणि तिथेच थांबले.

वास.

कसा सांगू... फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की देठ खालून शेवाळतात ना, चिकट होतात? तो वास. आणि त्याच्या मागे दवाखान्यातल्या पट्टीचा. औषध लावून गुंडाळलेल्या, आणि मग भिजलेल्या पट्टीचा.

"दादा, मोजे धू," मी ओरडले.

"आज सँडल घातलेत," स्वयंपाकघरातून दादा म्हणाला. "मला वाटलं तुझा डबा आहे."

आम्ही दोघांनी कचऱ्याचा डबा बघितला. मोरी बघितली. फ्रिजच्या मागे बघितलं. शेवटी वासाच्या मागे मागे गेलो तर तो आईच्या खोलीत, टेबलापाशी सगळ्यात जास्त होता. आणि आई हेडफोन लावून आरामात टाइप करत होती.

"आई, तुला वास येत नाही?"

तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "येतोय थोडा. उंदीर मेला असेल."

"थोडा? आई, डोळ्यांतून पाणी येतंय."

"अगं, दिवसभर मी पू आणि गळवं आणि काय काय ऐकते. मला आता कशाचं काही वाटत नाही." आणि तिने शांतपणे बिस्किट खाल्लं.

उंदीर शोधायला मी टेबलाखाली वाकले.

उंदीर नव्हता.

पॅडल ओलं होतं. आणि रबराच्या पट्ट्यांच्या मधल्या खाचांमध्ये काहीतरी पांढरट पिवळं अडकलं होतं. मला वाटलं दादाचं च्युइंगम. मी नखाने ओढलं.

ते मऊ होतं.

खूप वेळ पाण्यात राहिल्यावर तळपायाची कातडी कशी फुगते, सुटते, तशी. एक लांब सालच माझ्या बोटाला चिकटून आली. त्यावर बारीक रेषा होत्या. कातडीवर असतात तशा.

मी किती वेळा हात धुतले ते विचारू नका. साबण, भांड्यांची पावडर, परत साबण. अजूनही त्या बोटाने मी काही खात नाही.

बाहेर येऊन मी आईचे पाय बघितले. दोन्ही तळवे कोरडे. टाचांना भेगा, नेहमीच्याच. कुठेही सोललेलं नव्हतं.

दादाने नाकाला रुमाल बांधून पॅडल पुसलं.

"फरशी पण पूस," मी म्हटलं.

"तूच बघ," तो म्हणाला.

पॅडलच्या मागे फरशीवर ओल्या पावलाचा ठसा होता. बोटं टेबलाकडे, टाच भिंतीकडे. म्हणजे भिंतीला पाठ लावून कुणीतरी समोर, आईच्या दिशेने...

एकच पाऊल. उजवं.

येतानाचे ठसे नाहीत. जातानाचे नाहीत. दुसरा पाय कुठेच नाही.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात फायरवॉलचा काय संबंध. मलाही आधी लागला नव्हता. मला फक्त काहीतरी करायचं होतं, आणि मला जे येतं ते एकच होतं. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या तपासणीसाठी सगळं नीट आहे ना, ते बघायला मी फायरवॉल उघडली. कुणाकुणाला परवानगी दिलीये ते तिथे दिसतं. ब्राउझर. प्रिंटर. कंपनीचा प्रोग्रॅम. त्याचा मदतनीस.

आणि खाली अजून एक ओळ.

नाव... नाही. चित्र नाही. कुठल्या कंपनीचा, ते नाही. नुसती रिकामी ओळ, आणि समोर हिरव्या रंगात, "परवानगी, कायमची."

"हे कुणी दिलं?"

"मी काहीही दाबलेलं नाही," आई म्हणाली. "मला ते टिंग वाजलं की भीतीच वाटते. मी नुसतं काम करत राहते."

नुसतं काम करत राहते. म्हणजे पॅडल दाबत राहते.

तेव्हा मला आठवलं. जुनं पॅडल बिघडल्यावर दादाने स्वस्तातलं आणलं होतं. ते पॅडल म्हणजे खरं तर एकच बटण असलेला कीबोर्ड. दाबलं की कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी एंटर मारला. आईच्या प्रोग्रॅमला ते बरोबर कळतं. पण मध्येच फायरवॉलची खिडकी उघडली, तर तो एंटर त्या खिडकीला लागतो. आणि खिडकीत आधीपासून निवडलेलं बटण असतं, "परवानगी द्या."

काल दुपारी कुणीतरी विचारलं होतं, येऊ का.

आणि आईने पायाने हो म्हटलं होतं.

मी ती ओळ पुसून टाकली. बास, म्हटलं, संपलं.

टिंग.

खिडकी आली. "एक प्रोग्रॅम परवानगी मागत आहे." नावाची जागा कोरी. कुठून येतोय, त्या जागी आमच्याच कॉम्प्युटरचा पत्ता. तसं कॉम्प्युटर स्वतःशी बोलतो कधी कधी, त्यात विशेष नसतं. मी "अडवा" दाबलं. "कायमचं" वर खूण केली.

आईच्या फायली थांबल्या.

सगळ्या. जी चालू होती तीसुद्धा अर्धीच राहिली. मी कंपनीच्या प्रोग्रॅमला परत परवानगी दिली. मदतनिसाला दिली. वाय-फायची नोंद तपासली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही नाही. "फाईल उघडता येत नाही." मी ती कोरी ओळ हिरवी केली आणि फायली आल्या. लाल केली आणि गेल्या. परत हिरवी, आल्या. परत लाल.

आणि प्रत्येक वेळी लाल केलं की वास वाढायचा. मोरी तुंबली की कसं सगळं उलटं वर येतं, तसा. टेबलाच्या खालून यायचा. गुडघ्यांपर्यंत आला होता. गरम होता.

दादा म्हणाला, "व्हायरस आहे. नेट काढ."

मी वाय-फाय बंद केलं. राउटरची वायर भिंतीतून उपटली. राउटरचे दिवे विझले.

टिंग.

खिडकी. कोरं नाव.

"नेट नाहीये," मी म्हटलं. "आता कुणीच काही मागू शकत नाही."

"मग कोण मागतंय?" दादा म्हणाला.

मी पटकन पॅडलची वायर खेचली. कॉम्प्युटरच्या मागून. वायरचं टोक माझ्या मुठीत होतं. हे नीट ऐका, टोक माझ्या मुठीत होतं. पॅडल फरशीवर होतं. आई खुर्ची मागे सरकवून उभी होती. दादा दारात. टेबलाखाली कुणाचाही पाय नव्हता.

आम्ही तिघंही पॅडलकडे बघत होतो.

आणि ते...

हळूच...

खाली गेलं.

टक असा आवाज नाही झाला. पच् झाला. ओल्या फडक्यावर पाय दिल्यासारखा. रबराच्या दोन्ही बाजूंनी पिवळसर पाणी बाहेर आलं आणि फरशीवर पसरलं.

स्क्रीनवरची खिडकी बंद झाली. ओळ हिरवी झाली.

दादा बाहेर पळाला, आणि बाथरूममधून त्याच्या उलटीचा आवाज आला. मला पळता पण येईना. टेबलावर आईचा हेडफोन पडला होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता. अर्धी राहिलेली फाईल आपोआप चालू झाली होती. मी हेडफोन उचलून कानाला लावला. का लावला, मला माहीत नाही. कानाची गादी आतून ओली आणि कोमट होती.

एक डॉक्टर बोलत होते. थकलेला, सपाट आवाज.

"...उजवं पाऊल. बोटांच्या मधली कातडी पूर्ण सुटलेली. दुर्गंधी. घोट्याच्या वर..."

आईने हेडफोन माझ्या कानावरून काढून घेतला.

"पेशंटचं आहे," ती म्हणाली. "ऐकायचं नाही."

"आई, घोट्याच्या वर काय? कोण आहे हा? काय झालं त्याचं?"

"नियम आहे. घरात पण सांगायचं नाही."

"आई, तो आपल्या टेबलाखाली आहे."

आईने वाकून बराच वेळ टेबलाखाली बघितलं. तिच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. लॉन्ड्रीतून आल्यावर भिंतीला लावलेल्या स्वतःच्या पायांकडे ती बघायची, तशी बघत होती.

मग ती फडकं आणायला गेली.

त्या संध्याकाळी मी तिला खूप समजावलं. फायरवॉल काढून टाकू. कॉम्प्युटर देऊन टाकू. मॅडमना सांगू, तब्येत बरी नाही.

"आणि सोमवारपासून?" आई म्हणाली. "मी परत वाफेत उभी राहू?"

मी तिच्या पोटऱ्यांकडे बघितलं.

"पाय माझे आहेत," ती म्हणाली. "तुझे नाहीत. जा, झोप."

शनिवारी सकाळी राउटरची वायर परत लावली आणि मॅडम तिकडून आमच्या कॉम्प्युटरवर आल्या. स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरत होता, आणि त्यांचा आवाज स्पीकरवर येत होता. मी दारात, नाकाला ओढणी धरून. आई खुर्चीत. त्यांच्या येण्याआधी मी शेवटचं म्हणून ती ओळ लाल करून ठेवली होती.

"फायरवॉल छान लावलीत," मॅडम म्हणाल्या. "पण फायली उघडत नाहीयेत तुमच्या. असं असेल तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल."

"एक मिनिट, मॅडम."

आईने माउस हातात घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. ती कोरी ओळ शोधली आणि स्वतःच्या हाताने, नीट बघून, "परवानगी द्या" दाबलं.

फायली आल्या.

"हां, आता झालं," मॅडम म्हणाल्या. बाण खाली आला आणि त्या ओळीवर थांबला. "हा कोण आहे? याला नावच नाही."

टेबलाखालून पाणी ठिबकल्यासारखा आवाज आला.

"घरचाच आहे, मॅडम," आई म्हणाली.

"बरं बरं. मग चालेल."

तेव्हापासून आईचं काम जोरात चाललंय. मॅडम तिला अवघड फायली देतात, कारण तिची एकही चूक होत नाही. पॅडलची वायर आम्ही परत जोडली नाही. गरज पडत नाही. आई कुठे थांबणार आणि कुठून परत ऐकणार, ते त्याला आधीच कळतं.

वास आहे. कमी झालाय, पण आहे. दादा त्या खोलीत जात नाही. मी जेवण हॉलमध्ये, बाल्कनीकडे तोंड करून करते, तरी मध्येच घास तोंडात फुगतो. आई रोज सकाळी फिनाईलने फरशी पुसते, आणि त्या फडक्याची बादली मी बघत नाही.

काल दुपारी तिला चहा द्यायला गेले. बऱ्याच दिवसांनी नजर खाली गेली.

टेबलाखाली एक जुना टॉवेल अंथरला होता. घडी घालून, मऊ. पॅडल त्याच्यावर. आईचे दोन्ही पाय खुर्चीच्या डाव्या बाजूला, अंग चोरून, एकमेकांवर ठेवलेले. अवघडून बसली होती ती. बसमध्ये शेजारी कुणी बसलं की आपण सरकतो ना, तशी.

"आई, नीट बस ना. पाठ दुखेल."

"असू दे," आई हळू आवाजात म्हणाली, आणि एक बोट ओठांवर ठेवलं. "आत्ताच जरा दुखायचा थांबलाय."